नुगझारचे हात

आधी मला वाटलं, कढईतलं तेल उडालं असेल.
मग आठवलं, कढई तर मीच धरते.

ऑगस्ट होता. अलाझानीच्या खोऱ्यात ऊन असं
की कुत्रीसुद्धा सावली बदलत बदलत दिवस ढकलतात.
नुगझार वेलींच्या रांगेतून आला
आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले
चोरी सापडलेल्या पोरासारखे.
पालथ्या पंजांवर फोड, मटाराएवढे, टम्म.
दाराच्या कडीला नुसतं घासलं तरी साल निघे
उकडलेल्या टोमॅटोची निघते तशी.

गावाने निदान लगेच केलं.
एतेरी म्हणाली, फवारणीचं औषध.
तिचा नवरा म्हणाला, दृष्ट.
पाद्रीबाबांनी तेल दिलं. ते चोपडून हा उन्हात गेला
आणि आणखी पोळून आला.

तेव्हापासून आमचं शेत रात्रीचं.
कपाळाला दिवा बांधून तो वेली बांधायचा.
मी ओट्यावरून बघायची,
एक उजेड खाली वाकतोय, वर येतोय.
गालांच्या हाडांवर, डोळ्यांच्या कडेला काळी लव उगवली.
धाकटी म्हणाली, बाबाचा लांडगा होतोय.
तो हसला नाही.

एका पहाटे मोरीतून हाक आली : लामारा, हे बघ.
बघितलं.
तीस वर्षं मी या घरात सापेरावीची वाइन गाळते,
तो रंग मला चुकायचा नाही.
पण तो मातीत पुरलेल्या रांजणातून यायचा रंग,
माणसातून नव्हे.

तेलावीला डॉक्टरीणबाईंनी खोलीतला दिवा मालवला,
लघवीच्या बाटलीवर जांभळा उजेड धरला
आणि ती पेटली.
डाळिंबाचा दाणा उन्हात धरावा तशी.
इतकी सुंदर, की मलाच लाज वाटली.

पॉर्फिरिया, बाई म्हणाल्या.
रक्ताचा लाल रंग घडताना एक पायरी अडते,
अर्धाकच्चा माल साचतो, कातडीत येऊन बसतो,
ऊन लागलं की भडकतो.
पण कातडी नुसती चहाडखोर.
चोर काळजात आहे.

काळजात.
दुसरा कागद आठवड्याने आला : हेपॅटायटिस सी.
कधी रक्त चढवलं होतं? कधी सुई?
नुगझार खिडकीकडे बघत राहिला.
तिथे ऊन होतं, म्हणून मी पडदा ओढला,
त्या अर्ध्या अंधारात तो बोलला.

त्र्याण्णवचा हिवाळा. तिबिलिसी. वीज नाही,
पावासाठी पहाटेपासून रांग.
तो, गोचा, आणि गोचाचा मावसभाऊ.
सुई एक.
चार वेळा, म्हणाला.
थोड्या वेळाने म्हणाला, चार नाही.

गोचा आमच्या लग्नात टेबलावर चढून नाचला होता.
पोट फुगून गेला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून
दारूला दोष दिला होता.

परतीच्या वाटेवर मी बोलले नाही.
घरी आल्यावर भांडी घासली. घासलेलीच.

मग दोनदा पिशवी भरून रक्त काढलं,
अंगातलं जादा लोह उतरावं म्हणून.
आणि मग गोळ्या. सरकारी, फुकट,
दिवसाला एक, बारा आठवडे.
वाइन बंद. या घरात!
मी रोज सकाळी गोळी तळहातावर ठेवायची,
तोंडाकडे न बघता, फक्त हाताकडे बघत.
त्यामुळे मला आधी कळलं.
नवव्या आठवड्यात नवा फोड नव्हता.
जुन्यांच्या जागी पांढरे डाग,
रव्याच्या कणीएवढ्या गाठी.

विषाणू शून्य, असा कागद आला त्या दिवशी
तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला.
बाही दुमडून. भर दुपारी.
बाई म्हणाल्या होत्या, उन्हाची घाई नको.
मी हाक मारली नाही.

यंदाच्या तोडणीच्या जेवणात पेला उचलून
तो गोचासाठी बोलला. पेल्यात तारहूनचं हिरवं लिंबूपाणी.
मामा कुरकुरला, मेलेल्याला सरबत पाजतोस?
नुगझार म्हणाला, त्याला आता हेच चालेल.

मी माफ केलंय का, मला विचारू नका.
अजून ठरलेलं नाही.
पण काल रात्री दार लावताना
त्याचा हात कडीला घासला.
आम्ही दोघं थांबलो.
दोघांनी वाकून बघितलं.